पाच ते सात

आज सकाळी आठ वाजता मोजपात्रात पाणी ओतलं, तेव्हा बत्तीस मिलिमीटर भरलं. आमच्या तहसील कचेरीच्या मागच्या अंगणात, तारेच्या कुंपणात पर्जन्यमापक उभा आहे. १९८१ साली मी भोकरदनला कारकून म्हणून लागलो. तेव्हापासून रजेचे दिवस सोडले तर पावसाळ्यातल्या जवळपास प्रत्येक सकाळी त्यातलं पाणी मी मोजलेलं आहे. पाणी काचेच्या पात्रात घ्यायचं, वाकून डोळे पाण्याच्या रेषेला आणायचे, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. पाऊस पडला नसला तरी जायचं आणि शून्य लिहायचं. पहिल्याच आठवड्यात आमचे हेडक्लार्क मला म्हणाले होते, "पाणी नव्हतं म्हणून लिहिलं न्हाई, असं चालत न्हाई. शून्य लिहा. शून्य बी नोंदच असती."

बत्तीस म्हणजे भाद्रपदातला चांगला पाऊस. कचेरीतून घरी आलो, ओट्यावर चपला काढल्या आणि जुन्या सवयीने तिथल्या फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावला. आवाज स्वच्छ होता. करकर नाही, दुसऱ्या कुणाचं बोलणं मिसळलेलं नाही. रिसीव्हर तसाच हातात धरून मी जरा वेळ उभा राहिलो. बत्तीस मिलिमीटरनंतर अशी स्वच्छ लाइन मिळावी, यासाठी मी एक अख्खा पावसाळा घालवला होता. २००२ सालचा. त्या पावसाळ्याबद्दल मी आजवर कुणाशी बोललेलो नाही. काल संध्याकाळी जे झालं, त्यानंतर मात्र लिहून ठेवावंसं वाटतं.

आमच्या घरी फोन १९९३ साली आला. तेव्हा आमच्या गल्लीत तो एकटाच होता. त्यामुळे तो आमचा कमी आणि गल्लीचा जास्त झाला. लग्नपत्रिकांवर, दुकानांच्या पावत्यांवर, लेकींच्या सासरच्या भिंतींवर आमचा नंबर गेला आणि त्याच्यापुढे कंसात 'पी.पी.' अशी दोन अक्षरं. म्हणजे फोन दुसऱ्याचा, पण निरोप पोचेल. फोन वाजला की सुमन, माझी बायको, ओट्यावरून हाक मारायची. हाक दोन घरं ऐकू जायची, पुढे ज्याच्या-त्याच्या दारातून पुढे पोचवली जायची. माणसं हात पुसत, पदर सावरत येत. आमच्या पुढच्या खोलीत उभं राहून परक्यासमोर रडणं-हसणं त्यांना अवघड जातं हे सुमनच्या लक्षात आलं. मग मी ओट्यावर एक जादा फोन बसवून घेतला. लाकडी फळी, फळीवर फोन, शेजारी बसायला स्टूल. फोन वाजला की तो दोन्हीकडे वाजायचा.

ओट्यावरच्या त्या स्टुलावर सगळ्यात जास्त कोण बसलं असेल तर सोनाकाकू. आमच्यापासून तिसरं घर. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. नवरा बाजार समितीत पोती वाहायचा. त्यांचं माहेर शहागडचं, गोदावरीच्या काठचं. वडिलांच्या काळात घरात मेंढरं होती, नंतर शेती झाली. आई म्हातारी, अंथरुणाला खिळलेली, एक भाऊ किसन. किसन पंधरा दिवसांनी हायवेवरच्या एसटीडी बूथवरून फोन करायचा आणि आई कशी आहे ते सांगायचा. फोन ठेवला की काकू आत डोकावून सुमनला म्हणायच्या, "वैनी, हाय अजून म्हतारी. मला इचारून राह्यली." मला म्हणायच्या, "भाऊ, तिचा फोन आला तर मी कुठं बी असू द्या, वावरात असू द्या, माणूस पाठवा. तिचा अखेरचा शबुद मला ऐकायचा हाय. एवढंच मागणं हाय तुमच्यापाशी."

मी हो म्हटलं होतं. एकदा नव्हे, अनेकदा.

आमची विद्या तेव्हा बारावीत होती. बुद्धिबळ खेळायची. शाळेतून जिल्ह्याला गेली, तिथून पुढेही एकदा जाऊन आली. पण भोकरदनमध्ये तिच्याशी खेळायला माणूस उरला नव्हता. तालुक्यातले दोन-तीन हौशी मास्तर होते, ते तिच्याकडून हरल्यावर कामात असायला लागले. २००१ साली मी घरात कॉम्प्युटर घेतला आणि फोनच्या तारेवरून इंटरनेट. त्यावर तिला बुद्धिबळाची एक साइट सापडली. तिथे कुठल्या-कुठल्या देशांतली मुलं एकमेकांशी घड्याळ लावून खेळायची. पहिल्या दिवशी ती नॉर्वेच्या एका मुलाशी खेळली. सुमनने पडद्यासमोर उभं राहून विचारलं, "तो आत्ता जेवला असंल का?" आणि विद्या इतकी हसली की तिचा उंट गेला.

नवा पाऊस लागेपर्यंत सगळं ठीक होतं. मग लाइन तुटायला लागली. खेळ रंगात यायचा आणि पडदा गोठायचा. इथली लाइन तुटली तरी तिकडचं घड्याळ थांबत नाही. मोडेम पुन्हा नंबर फिरवायचा, किरकिर करायचा, कधी पहिल्या, कधी पाचव्या खेपेला लागायचा. तोवर विद्याचा वेळ संपलेला असायचा आणि हार लिहिलेली असायची. ती काही बोलायची नाही. खुर्ची मागे सरकवून उठायची, पाणी प्यायची, पुन्हा येऊन बसायची. तिचं ते न बोलणं मला सहन होत नव्हतं. हरणं वेगळं, आणि जिंकत असताना तारेमुळे हरणं वेगळं.

मला जे येतं ते मी केलं. वही घातली. दोनशे पानी, कडक पुठ्ठ्याची. रकाने आखले. तारीख, सकाळचा पाऊस, जोडणी होताना पडद्यावर दिसणारा वेगाचा आकडा, किती वेळ टिकली, आणि शेवटचा रकाना, 'किती वेळा तुटली'. पंधरा दिवसांत चित्र दिसायला लागलं. वीस मिलिमीटरच्या पुढे पाऊस झाला की वेग एकतीसवरून चोवीसवर यायचा आणि तुटण्याचा आकडा चढायचा. म्हणजे कुठेतरी जोडात पाणी जात होतं.

लाइनमन रशीदभाईंना बोलावलं. त्यांनी माझ्या वहीची पानं एकेक करून उलटली. मग म्हणाले, "साहेब, पाऊस आला की सगळ्या तालुक्याच्या लाइनीला सर्दी होती. पण सर्दीचं रजिस्टर ठेवणारा तुमीच पहिला." तरी माणूस कामाचा. खांबावर चढले, वळचणीला तारा नुसत्या पिळून जोडल्या होत्या तो जोड उघडला. आत तांबं हिरवं पडलं होतं. त्यांनी खांबापासून घरापर्यंत अखंड नवी तार ओढली, बिनजोडाची. खाली उतरून म्हणाले, "आता गोदावरी आली तरी हिच्या अंगात पाणी जायचं न्हाई, बिलकुल." वेग तेहतीसवर गेला. मी तो आकडा वहीत लाल शाईने लिहिला.

तरी लाइन तुटतच होती. आता पावसाशी तिचा संबंध नव्हता. कोरड्या दिवशी, खडखडीत उन्हात, संध्याकाळी साडेपाचला, सहाला. मी या कोरड्या तुटण्यांची वेगळी यादी केली आणि वेळा मांडल्या. काही उलगडेना. एक दिवस सोनाकाकू दारात आल्या. "भाऊ, किसन काल साडेपाचला फोन लावून राह्यला होता म्हणं. दोनदा वाजला अन् मंग एंगेज झाला." मी वही उघडली. काल पाच वाजून अठ्ठावीस मिनिटं, तुटली एक.

म्हणजे कोरड्या दिवशी लाइन तुटत नव्हती. तिला कुणीतरी हाक मारत होतं. रशीदभाईंनी सांगितलं, तुमच्या फोनला ती सोय आहे, एक बोलणं चालू असताना दुसरं आलं की मधे टुक वाजतं. माणसाला ते टुक चालतं, मशिनीला चालत नाही. मशीन दचकून हात सोडते. "बंद करता येती ती. मंग बाहेरच्याला सरळ एंगेज. आन् हा ओट्यावरचा फोन बी काढा. कोणी उचलला की तुटलीच समजा."

ही गोष्ट मला कळली, यावर मी पुन्हा पुन्हा येतो. बऱ्याच चुका माणूस न कळल्यामुळे करतो आणि नंतर म्हणतो, मला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. माझ्या वहीत वेळेसकट होतं. प्रत्येक कोरडं तुटणं म्हणजे कुणाच्या तरी माहेरचा, सासरचा, दवाखान्यातला फोन होता.

मी आकडे काढले. मागच्या दोन महिन्यांत संध्याकाळी पाच ते सात या वेळात गल्लीसाठी आलेले फोन नऊ. दिवसाला धरले तर काहीच नाही. विद्याच्या साइटवर तेव्हा मुलांची एक मोठी स्पर्धा चालू होती. तिच्या फेऱ्या आपल्याकडच्या वेळेने संध्याकाळी पाचनंतर यायच्या. सुमन भाकरी थापत होती, तिला मी हा हिशोब सांगितला.

"नऊ म्हणजे नऊ माणसं ना," ती म्हणाली.

"त्यातले बहुतेक पुन्हा फोन करतात. सातनंतर लागतोच की."

"अन् अर्जंट असला तर?"

"दोन महिन्यांत एकही अर्जंट नव्हता. मी लिहून ठेवलंय."

तिने भाकरी उलटली. "तुम्ही लिहिता तेवढंच होतं असं न्हाई," ती म्हणाली. पुढे काही बोलली नाही, आणि तिच्या गप्प बसण्याला मी होकार समजलो.

ओट्यावरचा फोन काढला. टुक बंद करून घेतलं. सुवाच्य अक्षरात कागद लिहून दाराशेजारी चिकटवला, 'सायंकाळी ५ ते ७ फोन बंद राहील. कृपया त्याआधी अथवा नंतर.' शिवाय प्रत्येक घरी जाऊन तोंडी सांगितलं. कामात कसूर नको, म्हणून. सोनाकाकूंना वाचता येत नव्हतं, त्यांना कागद वाचून दाखवला.

"पोरीच्या परीक्षेचं काम हाय का त्या मशिनीवर?" त्यांनी विचारलं.

खेळ आहे, असं सांगितलं असतं तर काय झालं असतं? काही नाही. पण एवढी सगळी यातायात खेळासाठी, हे मला माझ्याच तोंडून ऐकायचं नव्हतं. "हो, तसंच," मी म्हणालो.

"मंग बराबर हाय. शिकू द्या तिला." त्या गेल्या.

गल्लीतल्या प्रत्येक घराला मी सांगितलं. शहागडला कुणी सांगितलं नाही. काकूंना ते सुचलं नाही, आणि मला, वेळेसकट रकाने आखणाऱ्याला, सुचलं नाही. जो नंबर फिरवणार होता, तोच माझ्या यादीत नव्हता.

तो रविवार होता. पूर्वा नक्षत्र लागलेलं. दुपारपासून ढग खाली उतरले होते आणि घरात दिवा लावावा लागत होता. विद्याची शेवटची फेरी होती, एकेका बाजूला एक तास. पाचला पाच मिनिटं कमी असताना तिने लाइन जोडली. तेहतीस. मी शेजारी वही घेऊन बसलो. साडेसहाला पाऊस सुरू झाला, असा की पत्र्याच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. मी खेळ बघत नव्हतो. मला त्यातलं कळतही नाही. मी पडद्याच्या कोपऱ्यातली ती दोन छोटी चित्रं बघत होतो, जी लाइन जिवंत आहे हे सांगतात. बाहेर गल्लीतून गुडघाभर पाणी वाहत होतं आणि आत लाइन एकदाही हलली नाही. सात वाजून सात मिनिटांनी विद्या जिंकली. हात वर केले नाहीत तिने. नुसती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, एकदा पण नाही तुटली." मी रकान्यात लिहिलं, शून्य. एकवीस वर्षं मी शून्य लिहीत आलो होतो, पण लिहिताना इतका आनंद कधी झाला नव्हता.

सात वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला.

"भाऊसाहेब, शहागडाहून किसन बोलून राह्यलो. दोन तास झाले लावून राह्यलो, एंगेज, एंगेज. बूथवाला म्हणला नंबरच खराब हाय. सोनीला बोलवा जल्दी. आई पाच वाजल्यापून तिचं नाव घेऊन राह्यली."

मी डोक्यावर पोतं घेऊन स्वतः पळालो. काकू आल्या, भिजलेल्या, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "आले म्हणावं. आलेच. थांब म्हणावं तिला." मी त्यांच्या नवऱ्याला घेऊन स्टँडवर गेलो. जालन्याची शेवटची गाडी पावणेसहाला गेली होती. जीपवाल्याने विचारण्याआधीच मान हलवली. "पुढं नाल्यावर पाणी हाय भाऊ. सकाळशिवाय न्हाई जमत." आम्ही परत आलो तेव्हा काकू आमच्या पुढच्या खोलीत फोनशेजारी जमिनीवर बसल्या होत्या. सुमनने त्यांना कोरडं लुगडं दिलं होतं. विद्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. दहाच्या सुमाराला फोन वाजला. तो काकूंनी उचलला, ऐकून घेतला आणि ठेवला.

सकाळी पहिल्या गाडीने त्या गेल्या. लेक येईपर्यंत माती द्यायची नाही, म्हणून तिकडे सगळे थांबले होते. तोंड बघायला मिळालं. आठ वाजता मी कचेरीच्या अंगणात गेलो. पात्र तीनदा भरावं लागलं. एकसष्ट मिलिमीटर. कचेरीच्या वहीत लिहिलं, घरी येऊन माझ्या वहीत लिहिलं. त्या ओळीत आजही तसंच आहे. पाऊस एकसष्ट, वेग तेहतीस, टिकली दोन तास बारा मिनिटं, तुटली शून्य. अख्ख्या वहीतली ती सगळ्यात चांगली ओळ आहे.

हिशोब करायची सवय माणसाला सोडत नाही. किसनने पहिला फोन लावला तो पाच वाजून पाच मिनिटांनी. तो लागला असता तर पावणेसहाची गाडी सहज मिळाली असती. ती गाडी नाल्यावर पाणी चढायच्या आत पलीकडे गेली होती, हे मी डेपोत विचारून घेतलं. सव्वासातला जालना, साडेसातला तिथून पुढची गाडी, सव्वानऊला शहागड. किसन म्हणाला, आई गेली तेव्हा दहाला दहा कमी होते. पस्तीस मिनिटं. हा हिशोब मी किती वेळा मांडला असेल. गाडी उशिरा धरली, वाटेत पंक्चर धरलं, तरी वीस मिनिटं उरतात. वीस मिनिटांत आईला लेकीशी जे बोलायचं होतं ते बोलून झालं असतं. ते काय होतं हे कुणालाच माहीत नाही. किसनला तिने सांगितलं नाही. सोनी आली की सांगते, म्हणाली.

तेरावा करून काकू परत आल्या. मी त्यांच्या घरी गेलो. वाटेत वाक्य ठरवून ठेवलं होतं. त्या उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या. मला बघून सरकल्या.

"बसा भाऊ."

"सोनाकाकू, त्या दिवशी पाच ते सात..." मी सुरुवात केली.

"किसन म्हणला मला. एंगेज व्हता." सुपातला खडा त्यांनी बाजूला टाकला. "तुमी तर कागद लावला व्हता. मला वाचून बी दावला. मीच माहेरी सांगायचं इसरले. तुमी कामून जिवाला लावून घेता?" मग त्यांनी विचारलं, "पोरीची परीक्षा बराबर झाली का?"

ठरवलेलं वाक्य तिथेच होतं. ते म्हणायला अर्धं मिनिट लागलं नसतं. मी म्हणालो, "झाली."

पावसाच्या वहीत मी आजवर एक आकडा खोटा लिहिलेला नाही. टंचाईच्या वर्षी लोक येऊन सांगायचे, साहेब, दोन मिलिमीटर कमी दाखवा, तालुक्याचं भलं होईल. मी दाखवले नाहीत. आणि त्या उंबऱ्यात, जिथे कुणी काही मागत नव्हतं, तिथे मी खोटं बोललो.

त्याच आठवड्यात कागद काढला, टुक पुन्हा चालू करून घेतलं, ओट्यावरचा फोन फळीवर आला. लाइन परत तुटायला लागली. विद्याने कारण विचारलं नाही. बारावीचा अभ्यास आहे म्हणाली आणि संध्याकाळचं खेळणं बंद केलं. मी ते खरं मानलं. माझी वही कपाटावर गेली. जाळायचं मनात आलं होतं, पण नोंद जाळायची माझी हिंमत नाही.

मला सरासरी या गोष्टीचा आता कंटाळा येतो. कचेरीत दर महिन्याला सरासरी काढावी लागते, ती काढतो. पण तीस दिवसांचा पाऊस तीसने भागला की जो आकडा येतो, तेवढा पाऊस त्यातल्या एकाही दिवशी पडलेला नसतो. नऊ फोन साठ दिवसांत वाटून टाकले तेव्हा मीही तेच केलं. दहावा फोन कुणाचा असेल, ते कुठल्याच भागाकारात निघत नाही. सुमनला गणित येत नाही असं मी लग्नापासून धरून चाललो होतो. नऊ म्हणजे नऊ माणसं, हे तिला भाकरी थापता थापता कळलं होतं.

त्याला आता सात वर्षं झाली. विद्या पुण्याला नोकरी करते. महालक्ष्म्यांसाठी परवा आली. येण्याआधी तिने फोन केला होता, "बाबा, आपल्याकडे ब्रॉडबँड घेतलंत ना? सुट्टीत ऑफिसच्या टीमची मॅच आहे, मला घरून खेळता येईल का?" मागच्या महिन्यात एक तरुण येऊन त्याच तांब्याच्या तारेला काड्यापेटीएवढी डबी लावून गेला. त्या डबीतून दोन वाटा निघतात, एक फोनची, एक इंटरनेटची. दोन्ही एकाच वेळी चालतात आणि एकमेकींना आडव्या जात नाहीत. तो तरुण सांगत होता आणि मी ऐकत होतो. मला विचारावंसं वाटलं, ही डबी केवढ्याला, कधीपासून मिळते. विचारलं नाही.

गल्लीत आता ज्याच्या-त्याच्या हातात मोबाइल आहे. सोनाकाकूंकडेही आहे, नातवाने दिलेला. ओट्यावरचा फोन वाजत नाही. रोज सकाळी मी त्याच्यावरची धूळ पुसतो.

काल संध्याकाळी, साडेपाचची वेळ, पाऊस धरला होता. विद्याची मॅच सुरू होती. आता मी शेजारी बसत नाही, पलीकडे खुर्चीत पेपर वाचत होतो. ओट्यावरचा आणि आतला, दोन्ही फोन एकदम वाजले. माझी नजर आधी पडद्याकडे गेली. लाइन हलली नाही, प्यादी जागच्या जागी. मी उठून रिसीव्हर घेतला.

"भाऊसाहेब, किसन बोलून राह्यलो शहागडाहून. सोनीचा मोबाइल लागत न्हाई, पावसानं रेंज गेली. तिनं सांगून ठेवलंय, मोबाइल न्हाई लागला तर तुमच्याकडंच लावायचा. देता का जरा?"

"देतो किसन," मी म्हणालो, तेवढ्यात विद्या खुर्चीतून उठली होती. तिची खेळी होती, तिचं घड्याळ चालू होतं. लाइन तुटणार नव्हती, तिला उठायची काही गरज नव्हती. मी गेलो असतो. "विद्या, तुझा वेळ," मी म्हणालो. ती छत्री न घेताच पायऱ्या उतरली. तिसऱ्या दारातून तिची हाक ऐकू आली, तिच्या आईसारखीच, "काकू, माहेरचा फोन आहे."

दोघी ओट्यावर आल्या. काकू आता थकल्यात, पायरी चढताना विद्याचा हात धरला. दारातून त्यांना कॉम्प्युटरचा उजेड दिसला. त्या थांबल्या.

"खेळ अर्धा टाकून आलीस का गं माझ्यापायी?" त्या म्हणाल्या. "त्या रविवारावानी पुरा करून यायचं व्हतं की."

सात वर्षांत त्यांच्यासमोर खेळ हा शब्द मी एकदाही उच्चारला नव्हता. मी विद्याकडे पाहिलं. ती केसांतलं पाणी पुसत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. तिने कधी सांगितलं असेल? त्याच वर्षी, कपाटावरची वही वाचून? की मी उंबऱ्यात 'झाली' म्हणून परत आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी? म्हणजे इतकी वर्षं काकूंना माहीत होतं, आणि तरी माहेरी नंबर आमचाच दिलेला होता.

"असू दे काकू," विद्या म्हणाली. "तुम्ही बोला."

पडद्यावर तिचा वेळ संपला आणि हार लिहून आली. तिने ती बघितलीही नाही. काकू स्टुलावर बसल्या. मी ओट्यावरचा रिसीव्हर उचलून त्यांच्या हातात दिला. महालक्ष्म्यांना किसनच्या घरी काय काय केलं, कुणाची सून आली, नदीला पाणी किती, हे सगळं त्या मोठ्याने विचारत होत्या, कारण पत्र्यावर पाऊस वाजत होता. मधे एकदा हसल्या. मी आत येऊन बसलो. भिंतीवर समोरच घड्याळ होतं.

त्या किती वेळ बोलल्या, ते मी पाहिलं नाही.